डोळ्यांच्या तपासणीचा कोड लावण्याआधी पेशंट का आला ते वाचा

अमेरिकेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यांचे चार्ट आम्ही पुण्यात बसून कोड करतो, म्हणजे इन्शुरन्सला बिल पाठवण्यासाठी प्रत्येक तपासणीला आणि आजाराला ठरलेला नंबर लावतो. टीममध्ये नवीन मुलं आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मॅडम, ९२०१४ लावू की ९९२१४? (पहिला खास डोळ्यांच्या तपासणीचा कोड, दुसरा कुठल्याही डॉक्टरकडच्या ऑफिस व्हिजिटचा.) मी त्यांना कोडकडे वळूच देत नाही. आधी चीफ कंप्लेंट, म्हणजे पेशंट ज्यासाठी आला ती मुख्य तक्रार, मोठ्याने वाचायला लावते.

तिथे ‘चष्म्याचा नंबर तपासायचा आहे’ एवढंच असेल, तर भेट रूटीन. बिल व्हीएसपी किंवा आयमेडसारख्या व्हिजन प्लॅनकडे (चष्म्यासाठीचा वेगळा विमा), निदान एच५२.१३ म्हणजे दोन्ही डोळ्यांचा मायोपिया, किंवा जे निघेल ते. ‘रात्री गाडी चालवताना समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात’ असं असेल, तर भेट मेडिकल आणि बिल मेडिकल इन्शुरन्सकडे. मेडिकेअरचा (अमेरिकेचा सरकारी विमा, मुख्यतः ज्येष्ठांसाठी) नियम इथे अगदी स्पष्ट आहे: तपासणी कशासाठी झाली ते बघायचं, शेवटी काय निघालं ते नाही. नंबर काढायला आलेल्या माणसाला योगायोगाने मोतीबिंदू सापडला, म्हणून ती भेट मेडिकल होत नाही. फ्रंट डेस्कने कुठलं इन्शुरन्स कार्ड स्कॅन केलंय, यावर तर मुळीच जाऊ नका.

मग पेशंट नवा की जुना ते ठरवा. गेल्या ३ वर्षांत त्याच ग्रुपमधल्या, त्याच स्पेशालिटीच्या कुठल्याही डॉक्टरने समोरासमोर तपासलं असेल, तर तो जुनाच. डॉक्टर स्वतः पहिल्यांदा बघत असल्याने नोटमध्ये ‘न्यू पेशंट’ लिहितात, म्हणून अपॉइंटमेंटची हिस्टरी उघडून खात्री करा. ऑप्टोमेट्रिस्ट (नंबर काढणारे, डोळे तपासणारे) आणि ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट (डोळ्यांचे सर्जन डॉक्टर) या मेडिकेअरच्या लेखी वेगवेगळ्या स्पेशालिटी आहेत, त्यांचे स्पेशालिटी कोड ४१ आणि १८. नव्यासाठी ९२००२ किंवा ९२००४, जुन्यासाठी ९२०१२ किंवा ९२०१४. प्रत्येक जोडीतला पहिला कोड इंटरमीजिएट, दुसरा कॉम्प्रिहेन्सिव्ह.

आता मी शिकवताना घेते तसा एक चार्ट घेऊ. ७१ वर्षांच्या बाई, मेडिकेअर, त्याच दवाखान्यात गेल्या वर्षी येऊन गेलेल्या. तक्रार दिव्यांनी डोळे दिपण्याची. डॉक्टरांनी डोळे डायलेट केले (थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या), दोन्हीकडे न्यूक्लिअर मोतीबिंदू वाढलेला दिसला, ऑपरेशनचे फायदे-धोके समजावले, ऑपरेशन करायचं ठरलं. रिफ्रॅक्शनही केलं, म्हणजे चष्म्याचा नंबर काढला.

कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणायचं तर हिस्टरी, सर्वसाधारण निरीक्षण, डोळ्यांची बाहेरून तपासणी, ऑफ्थॅल्मोस्कोपी (डोळ्याच्या आतल्या भागाची तपासणी), ढोबळ व्हिज्युअल फील्ड (नजरेचा आवाका) आणि डोळ्यांच्या हालचाली, हे सगळं नोटमध्ये दिसायला हवं. वर निदानाची किंवा उपचाराची दिशा ठरलेली हवी. फील्ड आणि हालचाली या दोन ओळी हमखास राहून जातात. त्या नसतील तर डॉक्टरांना क्वेरी पाठवा, स्वतः गृहीत धरू नका. डायलेशन सीपीटीच्या (तपासणी-उपचारांच्या कोडची अमेरिकेतली यादी) व्याख्येत सक्तीचं नाही, पण काही पेयर, म्हणजे बिलाचे पैसे देणारे इन्शुरन्स, ते मागतात.

या बाईंच्या नोटमध्ये सगळं आहे, म्हणजे ९२०१४ बसतो. पण ९९२१४ सुद्धा बसतो. १ जानेवारी २०२१ पासून ऑफिस व्हिजिटची लेव्हल एमडीएमवर (मेडिकल डिसिजन मेकिंग, डॉक्टरांचा निर्णय किती गुंतागुंतीचा होता ते) किंवा त्या दिवसाच्या एकूण वेळेवर ठरते. वाढत चाललेला जुना आजार आणि मोठ्या ऑपरेशनचा निर्णय, या दोन गोष्टींवर एमडीएम मॉडरेट होतो, आणि जुन्या पेशंटसाठी मॉडरेट म्हणजे ९९२१४. दोन्ही कोड खरे असतील तर त्या पेयरचे नियम आणि फी शेड्यूल बघून एक निवडा, त्यात गैर काही नाही. गैर तेव्हा, जेव्हा पैसे जास्त म्हणून नोटमध्ये नसलेला कोड लावला जातो. २०२४ पासून मेडिकेअर पैसे देतं तो जी२२११ (पेशंटला दीर्घकाळ सांभाळण्याबद्दलचा जादा कोड) ९९ने सुरू होणाऱ्या ऑफिस व्हिजिटसोबत चालतो, ९२०१४ सोबत नाही.

रिफ्रॅक्शनचा ९२०१५ वेगळा. मेडिकेअरने तो कायद्यानेच वगळलाय, त्यामुळे पैसे पेशंटकडून घ्यायचे. दुसऱ्या इन्शुरन्ससाठी मेडिकेअरचा नकार हवा असेल तर जीवाय मॉडिफायर (कोडला जोडायची दोन अक्षरांची खूण, ‘ही सेवा कायद्याने वगळलेली’ असं सांगणारी) लावून पाठवा. बाईंना हे रिसेप्शनवर आधीच सांगितलेलं असावं. घरी बिल पोचल्यावर कळणं योग्य नाही.

निदान एच२५.१३, म्हणजे वयोमानाने होणारा न्यूक्लिअर मोतीबिंदू, दोन्ही डोळे. शेवटचा १ उजव्याचा, २ डाव्याचा, ३ दोन्हींचा. डायबेटिक रेटिनोपथीत (मधुमेहाने डोळ्याच्या पडद्याला होणारी इजा) हा अंक सातव्या जागी येतो: ई११.३२९३ म्हणजे टाइप २, सौम्य रेटिनोपथी, मॅक्युलर इडीमा (पडद्याच्या मध्यभागी सूज) नाही, दोन्ही डोळे. ‘अनस्पेसिफाइड’ डोळ्याचा, म्हणजे कुठला डोळा ते न सांगणारा अंक मी माझ्या टीममध्ये चालवून घेत नाही. डॉक्टरांनी कुठला डोळा ते बघितलेलं असतंच, ते विचारा.

डोळ्यांचं प्रेशर मोजणं आणि स्लिट लॅम्पखाली (भिंग आणि दिव्याच्या यंत्राखाली) बघणं मूळ तपासणीच्या कोडमध्येच धरलेलं असतं. ओसीटीचा (डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन) ९२१३४ वेगळा लावता येतो, पण त्यासोबत डॉक्टरांनी लिहिलेला अर्थ लावणारा रिपोर्ट हवा. नुसतं चित्र चार्टला जोडलेलं पुरत नाही. त्याच दिवशी फंडस फोटोचा (डोळ्याच्या मागच्या भागाचा फोटो) ९२२५०ही असेल तर एनसीसीआय एडिट (कुठले कोड एकत्र लावता येत नाहीत याचा मेडिकेअरचा नियम) आडवा येतो, तो आधी तपासा.

मॉडिफायर २५, म्हणजे ‘त्याच दिवशी प्रोसीजरहून वेगळी तपासणीही झाली’ सांगणारी खूण, सगळ्यात जास्त उधळला जातो. कुणाच्या कॉर्नियात लोखंडाचा कण गेला आणि डॉक्टरांनी स्लिट लॅम्पखाली काढला, तर ६५२२२. तो काढायचा की नाही हे ठरवण्यापुरती झालेली तपासणी त्यातच आली. त्याच भेटीत काचबिंदूच्या औषधाचाही स्वतंत्र विचार झाला असेल आणि तो नोटमध्ये वेगळा लिहिलेला असेल, तरच तपासणीचा कोड २५ सह लावा.