मृगाआधी डेलिलीचं आळं मोडा

रोहिणी लागली. मृग लागायला जेमतेम दोन आठवडे आहेत. बियाणं, खत, वखरणी या धावपळीत आवारातल्या फुलझाडांकडे कोणाचं लक्ष जाणार, हे मान्य. तरी ज्यांच्या आवारात, धुऱ्यावर किंवा रोपवाटिकेत डेलिली आहे त्यांनी आधी एक काम उरकून घ्यावं. उन्हाळाभर पाणी द्यायला झाडाभोवती जे आळं केलं होतं ते मोडून टाका. आजच मोडा, पहिल्या वळवाची वाट पाहू नका.

डेलिली तशी चिवट आहे. आपल्या विदर्भातलं 45-46 अंशांचं ऊन पाणी आणि थोडी सावली मिळाली की सोसते. पानं करपतात, पण गड्डा जिवंत राहतो. मरते ती जुलै-ऑगस्टच्या झडीत, आणि मरते ती आळ्यामुळेच. मे महिन्यात ज्या आळ्याने झाड जगवलं तेच आळं जुलैत पाण्याची टाकी होतं. दरवर्षी हेच पाहतो आणि दरवर्षी लोक म्हणतात, "पाऊस जास्त झाला." पाऊस अकोला-बुलढाण्याकडे 700-800 मिलिमीटर पडतो, गडचिरोलीकडे त्याच्या दुपटीच्या आसपास. डेलिली दोन्हीकडे मरते, कारण आळं दोन्हीकडे तसंच राहिलेलं असतं.

असं का होतं ते समजून घ्या. आपली काळी माती मे महिन्यात भेगाळते. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी त्या भेगांतून खाली जातं आणि आपल्याला वाटतं, निचरा छान आहे. मग माती फुगते, भेगा बुजतात, आणि त्यानंतर पडलेलं पाणी वरच उभं राहतं. डेलिलीला कांदा नसतो. जाड, मांसल मुळं असतात आणि मुळं व पानं जिथं जुळतात तिथं मान असते, पांढरं संपून हिरवं सुरू होतं ती जागा. त्या मानेशी दोन-तीन दिवस कोमट पाणी साचलं की कूज शिरते.

ओळखायची खूण सांगतो. पंख्यासारखा पानांचा जुडगा असतो, त्यातलं मधलं कोवळं पान दोन बोटांत धरून हलकं ओढा. निरोगी झाडाचं पान तुटेल, पण सुटून येणार नाही. कुजलेल्याचं अलगद हातात येतं, बुडाशी तपकिरी, बुळबुळीत, आणि वास असा की हात दोनदा धुवावे लागतात. वास नाही, पण बुडाशी पांढरी बुरशी आणि तिच्यात मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती दुसरी मर. ते दाणे मातीत पुढची काही वर्षं टिकतात. ते झाड भोवतीच्या मातीसकट घमेल्यात काढा आणि आवाराबाहेर खोल पुरा. उकिरड्यावर टाकाल तर पुढच्या वर्षी शेणखताबरोबर तेच दाणे वावरात जातील.

आता दुकानाची गोष्ट. पान पिवळं पडलं की लोक ते पान खिशात घालून कृषी केंद्रावर जातात. तिथून ह्युमिक, 19:19:19, कसलं तरी टॉनिक आणि वर एक बुरशीनाशक अशी पिशवी भरून येते. दुकानदार पान पाहतो, त्याला आळं दिसत नाही. कुजलेल्या मुळांना खत घालून उपयोग नाही, ती घेणारच नाहीत. उलट नत्र वाढलं की उरलेली पानं लुसलुशीत होतात आणि कूज लवकर पसरते. आणखी एक घात होतो: झाड मान टाकतं ते पाहून घरातलं कोणीतरी त्याला तहान लागली समजून बादलीभर पाणी ओततं. भर पावसाळ्यात मलूल दिसणाऱ्या डेलिलीला पाणी घालू नका, आधी माती उकरून पाहा.

आळं मोडायचं ते असं:

– आळ्याची कड कुदळीने फोडा, ती माती झाडाच्या बुडाशी ओढा, पण मान खोल गाडू नका. मानेवर बोटभर माती, म्हणजे अडीच सेंटिमीटरच्या आसपास, पुरे.
– झाडाभोवतीची जमीन शेजारच्या जमिनीपेक्षा उंच दिसली पाहिजे.
– उताराच्या बाजूने वीतभर खोल चर काढा आणि तो कुठेतरी बाहेर नेऊन सोडा. आवारातच संपणारा चर कामाचा नाही.
– उन्हाळ्यात अंथरलेलं कुटार, पालापाचोळा मानेपासून वीतभर मागे सारा.
– घराच्या वळचणीखाली झाड असेल तर पागोळ्यांची धार थेट मानेवर पडते. तिथं टिनाचा तुकडा लावा किंवा झाड हलवा.

नवीन लागवड करणारे बहुतेक जण खड्डा खणतात, त्यात शेणखत-रेती भरतात आणि रोप लावतात. काळ्या जमिनीत हा खड्डा म्हणजे जमिनीखालचं आळंच. चारी बाजूंनी घट्ट माती, मध्ये भुसभुशीत भर, म्हणजे आजूबाजूचं सगळं पाणी त्यातच उतरणार. खड्डा नको. वर वाफा चढवा, वीतभर उंच, मातीत मुरूम आणि जुनं कुजलेलं शेणखत मिसळून. नुसती बारीक रेती घालू नका, काळ्या मातीत ती बसून जाते. आणि लागवड पावसाळ्यात नकोच. जुलैत रोपवाटिका हिरव्यागार दिसतात, गाडीभर रोपं घरी येतात आणि पोळ्यापर्यंत निम्मी जातात. दसऱ्यानंतर लावा.

माझा एक ठोकताळा आहे. संध्याकाळी मुंग्या अंडी तोंडात घेऊन धुऱ्यावर चढताना दिसल्या की मी चरांत अडकलेला कचरा काढून घेतो. शास्त्रात ते बसत असेल-नसेल, कचरा निघतो एवढं खरं. दुसरा ठोकताळा: जोराचा पाऊस थांबल्यावर तासाभरानेही बुडाशी पाणी दिसत असेल तर ते आळं नीट मोडलेलं नाही.

औषध हवंच असेल तर स्वस्तातलं आणि वेळेवर:

– पावसाआधी: 1 किलो ट्रायकोडर्मा (कुजीच्या बुरशीला मारणारी मित्रबुरशी) 100 किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळा, सावलीत ओल्या गोणपाटाखाली 8-10 दिवस ठेवा, मग झाडाभोवती द्या.
– कूज दिसल्यास: कॉपर ऑक्सिक्लोराईड 50 टक्के, 25 ग्रॅम 10 लिटर पाण्यात, शेजारच्या निरोगी झाडांच्या बुडाशी आळवणी, म्हणजे मातीत ओतणं. ट्रायकोडर्मा आणि तांबं एकदम देऊ नका, तांबं त्या मित्रबुरशीलाच मारक ठरू शकतं.
– मावा, फुलकिडे: 5 टक्के निंबोळी अर्क, संध्याकाळी.
– पानामागे नारिंगी भुकटी बोटाला लागली तर तांबेरा: ती पानं कापून जाळा, मग मॅन्कोझेब 25 ग्रॅम 10 लिटरला.

निंबोळ्या आता झाडाखाली पडायला लागतील, फुकटच्या आहेत, वेचून वाळवून ठेवा. अर्काची बाटली विकत घ्यायचं काही कारण नाही.

झाड अर्धंच कुजलं असेल तर वाचतं. ते उपटा, मुळं धुवा, मऊ झालेलं सगळं धारदार चाकूने पांढऱ्या, टणक भागापर्यंत कापून काढा. पानं वीतभर ठेवून छाटा. मग दोन दिवस सावलीत, वाऱ्यावर उघडं ठेवा. इथं लोकांना धीर धरवत नाही, लगेच मातीत खुपसतात. जखम सुकली की मुरूम मिसळलेल्या कुंडीत लावा आणि पावसापासून आडोशाला ठेवा. एका झाडाचा चाकू दुसऱ्याला लावण्याआधी जाळावर धरा.

बाकीची वर्षभराची कामं:

– ऊन: दिवसाचे सहा तास. गडद लाल-जांभळ्या जातींना दुपारनंतर सावली, नाहीतर रंग उडतो.
– अंतर: दीड ते दोन फूट.
– खत: दसऱ्यानंतर आणि फेब्रुवारीत शेणखत किंवा गांडूळखत. पावसाळ्यात युरिया नाही.
– विभागणी: 3-4 वर्षांनी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात.
– सुकलेली फुलं खुडणं, फुलून संपलेला दांडा बुडातून कापणं.
– उन्हाळ्यात आळं पुन्हा करणं, आणि मेअखेर पुन्हा मोडणं.

खरेदीबद्दल थोडं. निळ्या किंवा इंद्रधनुष्यी डेलिलीचं बी मोबाईलवर विकतात. खरी निळी डेलिली अजून कोणी तयार केलेली नाही, तो फोटो रंगवलेला असतो. नावाजलेल्या जातीचं बी पेरलं तरी आईसारखं फूल येत नाही, जात टिकते ती गड्डा फोडूनच. 'टेट्रा' म्हणून तिप्पट भाव सांगतात त्यालाही भुलू नका. त्यात गुणसूत्रं दुप्पट असतात, फूल बहुधा भरदार येतं, पण आळ्यात तेही तितकंच कुजतं. विकत घेताना थंडीत पानं पूर्ण झडणारी जात टाळा. तिला कडक थंडी लागते, ती आपल्याकडे नाही. बारमाही हिरव्या जाती आपल्या.

आणि कोणी एकरभर लावून फुलं बाजारात न्यायला सांगत असेल तर त्याला हात जोडा. फूल सकाळी उमलतं आणि रात्रीपर्यंत मिटून जातं, दांड्यावर कळ्या कितीही असोत. हारवाला ते घेणार नाही. पैसे मिळालेच तर रोपांत मिळतात, बागा आणि रस्त्याच्या दुभाजकांसाठी.

घरात मांजर असेल तर डेलिली तिच्या वाटेत नको. पान किंवा फूल चावलं तरी मांजराची किडनी जाऊ शकते. चीनमध्ये हिच्या काही जातींच्या कळ्या वाळवून खातात हे खरं, पण फवारलेली, रोपवाटिकेतून आणलेली कळी भाजीत घालू नका. आपल्याकडे तर कळलावीलाही लोक लिलीच म्हणतात, आणि ती विषारी आहे.

रोपवाटिकावाल्यांना वेगळं सांगतो. पिशव्या जमिनीवर ओळीने टेकवून ठेवल्या की बुडाची भोकं चिखलाने बुजतात, मग पिशवी म्हणजेच आळं. मृगाआधी पिशव्या उचलून विटांवर किंवा गिट्टीच्या थरावर ठेवा, आणि प्रत्येकीच्या बुडाला दाभणाने दोन भोकं नव्याने पाडा.