मुलांच्या तोंडाला वास येतो? वयानुसार काय तपासावे

झोपेत लाळ कमी होते आणि जंतू वाढतात, म्हणून सकाळचा वास कोणत्याही वयात येतो. दात घासल्यावरही तो टिकला, तरच कारण शोधा.

दात येण्यापूर्वी दूध पाजल्यावर स्वच्छ ओल्या कापडाने हिरड्या आणि जीभ हलकेच पुसा. पहिला दात दिसताच ब्रश सुरू करा: ३ वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, ३ ते ६ वर्षांत वाटाण्याएवढी. दिवसातून दोनदा, २ मिनिटे. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवू नका. त्यानेही दात किडतात.

दोन-चार वर्षांच्या मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर आत मणी किंवा स्पंजचा तुकडा अडकलेला असू शकतो. हे हमखास सर्दी समजून सोडले जाते. चिमट्याने काढायला जाऊ नका, वस्तू आणखी आत सरकते, डॉक्टरांकडे न्या.

शाळकरी मूल स्वतः घासते, पण मागच्या दाढा राहतात. सात-आठ वर्षांपर्यंत शेवटचा हात मोठ्यांनीच फिरवावा. जीभ मागून पुढे साफ करा, चिकटलेल्या दातांमध्ये फ्लॉस (दातांच्या फटी साफ करायचा धागा) वापरा. तोंड उघडे ठेवून झोपणाऱ्याचे नाक किंवा अ‍ॅडेनॉइड (नाकामागची गाठ) तपासून घ्या. सहा वर्षांखाली माउथवॉश नको, मुले ते गिळतात.

किशोरवयात ब्रेसेसमध्ये (दात सरळ करणाऱ्या तारांमध्ये) अडकलेले अन्न आणि टॉन्सिलमधले पांढरे खडे पाहा. खडे टोकरू नका, गुळण्या करा.

श्वासाला फळांसारखा वास, सोबत खूप तहान, वारंवार लघवी, उलट्या किंवा सुस्ती असेल, तर मधुमेहाची शंका घेऊन त्याच क्षणी रुग्णालय गाठा.