जुन्या डिझेल पिकअपचा फीड पंप बदलताना या चुका टाळा

पहाटे माल भरून निघालेली पिकअप सपाट रस्त्यावर ठीक धावते, पण वाशीच्या खाडीपुलाचा चढ आला की गुदमरू लागते, ॲक्सिलरेटर दाबूनही वेग धरत नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बराच वेळ सेल्फ मारल्याशिवाय चालूच होत नाही. ही लक्षणे सांगितली की अनेक गॅरेजांत बॉनेट उघडण्याआधीच ‘पंप गेला’ असा निकाल लागतो. पंप खरोखर जातोही. परंतु जितक्या वेळा तो बदलला जातो, तितक्या वेळा दोष त्याचाच असतो, असा माझा अनुभव नाही.

येथे विचार केला आहे तो कॉमन रेलच्या (सर्व नोझलना एकाच सामाईक, मोठ्या दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या पद्धतीच्या) आधीच्या, यांत्रिक पंपाच्या डिझेल पिकअपचा. या गाड्यांत दोन पंप असतात आणि बोलताना दोघांनाही ‘डिझेल पंप’च म्हटले जात असल्यामुळे पहिला गोंधळ तिथेच होतो. टाकीतून डिझेल ओढून फिल्टरमार्गे पुढे ढकलतो तो फीड पंप, आणि तेच डिझेल नेमक्या क्षणी, नेमक्या मापाने, मोठ्या दाबाखाली नोझलकडे (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोटीकडे) पाठवतो तो मुख्य इंजेक्शन पंप. फीड पंपाचा दाब फार तर एक-दोन बार असतो. नोझल उघडायलाच २०० बारच्या आसपास दाब लागतो. फीड पंप साध्या पान्यांनी बदलता येतो. मुख्य पंप मात्र टेस्ट बेंच (पंप तपासण्याचे यंत्र) असलेल्या जाणकाराकडेच उघडावा, कारण त्याचे टायमिंग एकदा हलले की धूर, ठोका आणि डिझेलचा खप असे तीन नवे आजार विकत घेतल्यासारखे होते.

पंपाला दोष देण्याची घाई

फीड पंप डिझेल ओढतो, म्हणून इंजिन चालू असताना टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो. त्या नळीला बारीक छिद्र पडले, तर डिझेल बाहेर गळण्याऐवजी हवाच आत ओढली जाते. जमिनीवर थेंबही दिसत नाही, त्यामुळे नळीवर कोणी संशय घेत नाही. गाडी रात्रभर उभी राहिली की त्याच छिद्रातून हवा शिरते, नळीतले डिझेल टाकीत परत उतरते आणि सकाळी पंपाला आधी ती हवा उपसावी लागते.

आमची पिकअप काही वर्षे ससून डॉकवरून मासळी वाहत असे. तिचा फीड पंप दोन वर्षांत दोनदा बदलून झाला, तरी सकाळचे रडगाणे थांबेना. अखेर पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक नळी जोडून इंजिन चालू केले, तेव्हा साबुदाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक धावताना दिसले. क्रेटमधले बर्फाचे खारे पाणी चासीवर ठिबकून, टाकीजवळच्या क्लिपखाली दडलेली लोखंडी नळी कुजली होती. क्लिप काढताच गंजाचा पापुद्रा हातात आला. दोन पंपांच्या पैशांत तसल्या कितीतरी नळ्या आल्या असत्या. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि खड्डे सोसणाऱ्या मुंबईच्या गाडीची तपासणी नळीपासूनच सुरू व्हावी, असे मला तेव्हापासून वाटते.

दुसरी सोपी चाचणी म्हणजे टाकी आणि तिची नळी बाजूला ठेवून, स्वच्छ कॅनमधून पंपाला थेट डिझेल देणे. येथेही एक चूक सर्रास होते. कॅन बॉनेटवर किंवा टपावर ठेवला जातो आणि डिझेल आपोआप खाली उतरत असल्यामुळे दुबळा पंपही ठणठणीत भासतो. कॅन टाकीच्याच उंचीवर ठेवावा. अशा स्थितीत गाडी नीट चालली, तर दोष टाकीत किंवा नळीत आहे. टाकीचे झाकण उघडताना ‘सूं’ असा आवाज येत असेल, तर हवा आत येण्याचे भोक बुजले आहे आणि पंप बिचारा पोकळीशी झुंजत आहे. टाकीच्या तळाची जाळी गाळाने भरलेली असणे, फिल्टरमध्ये पाणी साचणे ही कारणेही आधी तपासावीत. किल्ली फिरवल्यावर स्टॉप सोलेनॉइडचा (डिझेल सुरू-बंद करणाऱ्या विजेच्या झडपेचा) ‘टक्’ आवाज येत नसेल, तर पंपाकडे वळण्यापूर्वी फ्यूज पाहावा.

खरेदी

जुना पंप सोबत नेल्याशिवाय दुकानात जाऊ नये. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एकाच गाडीसाठी तीन प्रकारचे पंप समोर येतात आणि ते दिसायला जुळे भाऊ असतात. फ्लँजच्या (इंजिनाला टेकणाऱ्या पट्टीच्या) भोकांतील अंतर, दांड्याची लांबी आणि नळ्यांच्या आट्या जुन्या पंपाशेजारी ठेवून जुळवाव्यात. खोके कितीही छापील असले तरी हँड प्रायमर (हाताने डिझेल चढवण्याचा दट्ट्या) चार वेळा दाबून पाहावा. येण्याच्या तोंडावर बोट ठेवल्यावर ते ओढले गेले पाहिजे.

बसवताना

बहुतेक नुकसान घाणीने होते. नळी सोडण्यापूर्वी पंपाभोवतीचा तेलकट चिखल ब्रशने आणि डिझेलने धुऊन घ्यावा, सुटलेली तोंडे लगेच झाकावीत, आणि पुसायला सुती चिंध्या वापरू नयेत, कारण त्यांचा एक धागा पंपाच्या व्हॉल्व्हखाली अडकला तरी नवा पंप जुन्यासारखा वागतो. खाली ट्रे ठेवावा. गल्लीत सांडलेल्या डिझेलवरून दुचाकी घसरते आणि ते पाप आपल्या माथी येते.

बँजो बोल्टच्या (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर नवेच घालावेत. एकदा दबलेले वॉशर कडक होतात आणि पुन्हा नीट बसत नाहीत. गळती राहिली की बोल्ट आणखी आवळण्याचा मोह होतो आणि फिल्टरच्या ॲल्युमिनियमच्या डोक्यातील आट्या जातात. सिलिकॉन किंवा टेफ्लॉन टेप लावणे त्याहून वाईट, कारण त्यांचे तुकडे सुटून थेट व्हॉल्व्हपर्यंत जातात. रबरी नळीला तार आवळून भागवू नये, डिझेलला टिकणारी नळी आणि क्लँप वापरावा.

फ्लँज हाताने दाबून इंजिनाला टेकत नसेल, तर आतला कॅम (पंपाचा दांडा ढकलणारा उंचवटा) वर आलेला आहे, असे समजावे. अशा वेळी बोल्टने पंप ओढून बसवला की फ्लँज तडकते किंवा दांडा वाकतो. इंजिन थोडे फिरवून कॅम खाली आणावा आणि मग दोन्ही बोल्ट आलटून पालटून आवळावेत. गॅस्केट जुन्याच जाडीचे असावे. जाड गॅस्केटने पंपाची चाल कमी होते.

हवा काढताना

पंप बसला की लगेच सेल्फ मारत राहणे ही सर्वांत महागडी घाई आहे. आधी फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करून, बुडबुड्यांशिवाय डिझेल येईपर्यंत हँड प्रायमर चालवावा आणि प्रायमर चालू असतानाच स्क्रू बंद करावा. मग हेच मुख्य पंपावरील स्क्रूशी करावे. त्यानंतरही गाडी घेत नसेल, तर नोझलकडील एक-दोन नट किंचित सैल करून सेल्फ मारावा, मात्र एका वेळी दहा-पंधरा सेकंदच, आणि मध्ये एखादा मिनिट विश्रांती देऊन. त्या वेळी हात जवळ नेऊ नये. या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसली तरी तासाच्या आत रुग्णालय गाठावे. कॉमन रेलच्या गाडीत दाब १००० बारच्या वर जातो, म्हणून तिथे नट सैल करण्याचा हा प्रकार कधीही करू नये.

गाडी सुरू करण्यापूर्वी ऑइलची कांडी काढून पाहण्याचे बहुतेक जण विसरतात. जुन्या पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) फाटला असेल किंवा दांड्याचे सील झिजले असेल, तर डिझेल गुपचूप ऑइल चेंबरमध्ये उतरत राहते. पातळी कमी होत नाही म्हणून चालक खूश असतो आणि पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग घासत असतात. कांडीला डिझेलचा वास आला, तर ऑइल आणि ऑइल फिल्टर त्याच दिवशी बदलावेत आणि पुढचा आठवडाभर रोज सकाळी, गाडी सुरू करण्याआधी, पातळी पाहावी. ती पुन्हा वाढू लागली, तर नव्या पंपाचे सील तरी सदोष आहे किंवा गळती मुख्य पंपाची आहे, आणि तसे असेल तर मुख्य पंप जाणकाराच्या बेंचवर न्यायला हवा.