शाळेतली गळती मोजायला बसताय? आधी हे काढून ठेवा

जनरल रजिस्टर (दाखल झालेल्या प्रत्येक पोराची नोंद असते ते), हजेरीपत्रकं, पोरांची ऑनलाइन नोंद असते त्या पोर्टलचा पासवर्ड, हे सांगायला नको. बॅच एकच धरा, म्हणजे 2022-23 ला पहिलीत होती ती पोरं 2025-26 ला चौथीत किती उरली, बास.

आता मी जिथं तोंडावर आपटलो ते. मधेच आलेली पोरं वेगळी काढा. मागच्या वेळी मी पहिलीचा पट 28, चौथीचा 27, भागाकार केला, 96 टक्के आले आणि आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या मीटिंगला छाती काढून वाचून दाखवले. शेजारचे सर हळूच म्हणाले, अहो ती वीटभट्टीवरची सहा पोरं पहिलीला कुठं होती तुमच्याकडं? रजिस्टर उघडून बघतोय तर मूळची 21च, म्हणजे 75 टक्के. घाम फुटला. तेव्हा पटाला पट लावू नका, नावाला नाव लावा, आणि मधेच आलेली वेगळी काढा.

त्यात आमचा वाळवा म्हणजे उसाचा पट्टा, दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या येणार, पोरं जानेवारीत वर्गात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की गायब. संचमान्यतेला, म्हणजे शाळेला शिक्षक किती ते ठरवायला, 30 सप्टेंबरचा पट लागतो, त्यात ही पोरं नसतातच, म्हणून पहिलीचा पट सप्टेंबरचा घेतलात तर चौथीचापण सप्टेंबरचाच घ्या. शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या पोरांना शाळा देते ते) आहे का ते आल्या आल्या आईला विचारा, नंतर कोण सापडत नाही. आणि हो, तीपण मधेच आलेलीच, वेगळी काढा!

मग गेलेली. माझी सात होती. चौघांनी दाखला नेला, तालुक्याला इंग्लिश मीडियमला गेली, ती आपल्या शाळेतनं गेली पण शिक्षणातनं नाही, दोन्ही एकात घालू नका. तिघं मात्र नुसती ड्रॉपबॉक्सला, म्हणजे पोर्टलवर कुठल्याच शाळेत नसलेल्या पोरांच्या यादीत, पडलेली. तिथं फोन लावत बसू नका, घरी जा. मी गेलो तर कुलूप, शेजारच्या आजी म्हणाल्या, उचल घेऊन कऱ्हाडकडं गेल्यात, पोरगी बारक्याला सांभाळाय नेली. हे कारण पोर्टलवर कधीच दिसलं नसतं.

बाकी मुलं-मुली वेगळे, एका वर्गात दोनदा बसलेल्यावर खूण, हेडसरांची सही, झेरॉक्स. मधेच आलेली काढली ना? परत एकदा बघा.