कारखान्याचं हेड ऑफिस बांधताय? मग या चुका टाळा

चाकण-रांजणगाव पट्ट्यात प्लांटला लागूनच हेड ऑफिस बांधायचं ठरलं की पहिली मीटिंग होते ती एलिव्हेशनवर, म्हणजे बिल्डिंग समोरून दिसेल कशी यावर. साहेबांनी हिंजवडीत कुठंतरी काचेची बिल्डिंग बघितलेली असते, आर्किटेक्टकडं थ्रीडी रेंडर तयारच असतो, आणि प्लांट हेडला बोलावणं जातं ते थेट भूमिपूजनाला. निम्म्या भानगडी इथंच सुरू होतात, कारण आयटीवाल्यांच्या शेजारी लोखंड ठोकणारा फोर्जिंगचा हॅमर नसतो, पेंट शॉप नसतं आणि गेटवर ट्रेलरही नसतात.

सगळ्यात जास्त मनस्ताप गेटचा. एकच गेट, आत शिरल्याशिरल्या वजनकाटा, तिथं ड्रायव्हर एलआरची, म्हणजे मालाच्या ट्रान्सपोर्ट पावतीची कॉपी शोधतोय, मागं दोन ट्रेलर, आणि त्यांच्या मागं ऑडिटला आलेल्या कस्टमरची इनोव्हा हॉर्न मारत उभी. लॉबीवर कितीही खर्च करा, कस्टमरच्या लक्षात हेच राहतं. दुसरं गेट मिळत असेल तर सुरुवातीलाच घ्या, मिळत नसेल तर वजनकाटा आत सरकवा म्हणजे रांग कंपाउंडच्या आत लागेल, आणि ड्रायव्हरसाठी शेड, पाणी, टॉयलेट एवढं तरी द्या, नाहीतर ती माणसं तुमच्या लँडस्केपिंगवरच बसणार, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

फोर्जिंग किंवा मोठं प्रेस शॉप असेल तर व्हायब्रेशनचं रीडिंग डिझाइनच्या आधी घ्या. आणि ते गुरुवारी घेऊ नका! भोसरी-चाकणकडं बऱ्याच ठिकाणी सुट्टी गुरुवारची, सर्व्हेवाले निवांत वेळ बघून तेव्हाच येतात आणि रिपोर्ट अगदी छान येतो. हॅमर फुल लोडवर चालू असताना मोजा. मधे कॉलम नकोत म्हणून लांब स्पॅनचा, म्हणजे दूरदूरच्या आधारांवरचा स्लॅब टाकला की तो जास्त हलतो, मग बोर्डरूममध्ये ग्लासातलं पाणी थरथरत बसतं. बिल्डिंग उभी राहून गेली असेल तर कार्पेट-बिर्पेट टाकून काही होत नाही, इलाज हॅमरच्या फाउंडेशनखालीच करावा लागतो, स्प्रिंग आणि डॅम्पर बसवून, आणि तो महाग पडतो. मेट्रॉलॉजी लॅब, म्हणजे पार्ट अचूक मोजायची लॅब, मात्र वरच्या मजल्यावर चढवूच नका, तळमजला, वेगळं फाउंडेशन, विषय संपला.

वास येतोय अशी तक्रार असेल तर आधी एसीची ताजी हवा कुठून घेतलीय ते बघा. पुण्याकडं पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, पेंट शॉपची चिमणी ऑफिसच्या पश्चिमेला आली की चार महिने थिनरचा वास केबिनमध्ये. इनटेक दुसऱ्या बाजूला हलवता येतो, तेवढ्यावर बऱ्याचदा भागतं.

लॉबीत कंपनीची पहिली मशीन ठेवायची हौस सगळ्यांनाच, असावीही, पण स्ट्रक्चरल कन्सल्टंटला हे मार्बल बसल्यावर सांगतात. आयएस 875 भाग 2, म्हणजे इमारतीवरच्या वजनाचं भारतीय स्टँडर्ड, त्याप्रमाणे ऑफिसच्या लॉबीला लोड धरतात साधारण 400 किलो प्रति चौरस मीटर. तीन टनाची लेथ चार पायांवर उभी, आणि खाली बेसमेंट पार्किंग! शिवाय ती आत न्यायची कुठून, हे दरवाजे लागल्यावर आठवतं. अमेरिकेत मोलाइनला जॉन डीअरचं हेड ऑफिस 1964 साली उघडलं, इरो सारिनेनचं डिझाइन, तिथं ट्रॅक्टर-मशिनरी मांडायला वेगळी इमारतच काढलीय.

जॉन डीअरच्या त्याच बिल्डिंगवरून कॉर-टेन स्टीलची फॅशन आली, म्हणजे वरचा गंजच आतलं स्टील जपतो ते. मोलाइनला ते शोभतं, पण या स्टीलला ओलं झाल्यावर वाळायला मिळावं लागतं. अटलांटात ओम्नी नावाचं स्टेडियम याच स्टीलचं, 1972 चं, तिथल्या दमट हवेत गंज थांबेचना, भोकं पडली, 1997 मध्ये पाडलं. तारापूर किंवा लोट्याला चार महिने पाऊस, वर खारी हवा, तिथं कोणी हे सुचवलं तर सरळ नाही म्हणा. पुण्यातही वापरायचं असेल तर खाली पाणी वाहून जायला वेगळी नाली काढा, नाहीतर प्लिंथवर, म्हणजे जोत्यावर, तांबडे ओघळ येणारच.

पश्चिमेच्या काचेवर फिल्म लावून फारसं भागत नाही, काचेला बाहेरूनच सावली पाहिजे. हडपसरचं सुझलॉनचं हेड ऑफिस वन अर्थ बघा, ख्रिस्तोफर बेनिंजर यांचं काम, काचेच्या बाहेर अॅल्युमिनियमचे लूव्हर, म्हणजे सावलीच्या पट्ट्या आहेत.

ऑपरेटर पगाराच्या किंवा पीएफच्या कामाला एचआरमध्ये येणार तो सेफ्टी शूज घालून, शूजला कूलंट लागलेलं, आणि फ्लोअर असतो गुळगुळीत पॉलिशचा. मग सिक्युरिटी त्याला मागच्या जिन्यानं पिटाळते. एचआर आणि टाइम ऑफिस तळमजल्यावर प्लांटच्या बाजूला द्या, खरबरीत टाइल टाका, मोठं पायपुसणं फ्लोअरमध्ये रिसेस करून, म्हणजे खोलगट जागेत, बसवा.

आणि एक, जे मालकासमोर बोलायला कोणी धजत नाही. बिल्डिंग पुढंमागं विकावी किंवा भाड्यानं द्यावी लागू शकते. वन अर्थच 2024 मध्ये सुझलॉननं सुमारे 440 कोटींना विकलं आणि तिथंच भाड्यानं राहिले. त्यामुळं प्रत्येक मजल्याला वेगळा मीटर, दोन स्वतंत्र लिफ्ट लॉबी आणि प्लांटच्या गेटमधून न जाणारा रस्ता ड्रॉइंगवर असतानाच काढून घ्या. एमआयडीसीचा प्लॉट असेल तर भाड्यानं द्यायलाही त्यांची परवानगी लागते, ते लीज डीड काढून आधीच वाचा.