फॉस्फेट काचेत नायट्रोजन घालताय? या चुका टाळा

ऐन पावसाळ्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या प्रयोगशाळेत सोडियम फॉस्फेटची काच कुटायला घेतली, की भुकटी बघता बघता बत्त्याला चिकटायला लागते. सिंधुदुर्गातल्याच कासार्ड्याच्या सिलिका वाळूपासून होणारी काच असं पाणी ओढत नाही, ही ओढते. नायट्रोजन घालायचा खटाटोप मुख्यतः हे पाणी ओढणं कमी करण्यासाठीच. ऑक्सिजन फार तर दोन फॉस्फरस अणूंना जोडतो, नायट्रोजन तिघांनाही जोडू शकतो. त्यामुळे काचेतल्या फॉस्फेटच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. मग काच जास्त तापमानाला मऊ होते, प्रसरण कमी होतं, कठीणपणा वाढतो आणि पाण्यात विरघळण्याचा वेग खूपच घटतो.

पहिली चूक म्हणजे सिलिंडरमधला साधा नायट्रोजन सोडणं. त्याचा तिहेरी बंध या तापमानाला दाद देत नाही. कोरडा अमोनियाच हवा, साधारण ६०० ते ८०० अंश सेल्सिअसला. त्याहून वर नेऊ नका, फॉस्फरसचंच क्षपण (त्याचा ऑक्सिजन निघून जाणं) होऊ लागतं. लोह किंवा तांबं असलेली काच तर त्याआधीच काळवंडते. ॲल्युमिनाची मूस वितळलेला फॉस्फेट खातो; ग्रॅफाइटची वापरा.

बाहेर पडणारा अमोनिया पाण्यात सोडताना मध्ये एक रिकामी बाटली जोडाच. हा वायू पाण्यात इतका झपाट्याने विरघळतो, की पाणी उलटं तापलेल्या नळीत खेचलं जातं. इथे हयगय नको.

सगळ्यात जास्त घोळ वजनात होतो. तीन ऑक्सिजन जाऊन दोन नायट्रोजन येतात, म्हणजे ४८ च्या जागी २८. वजन घटतं, आणि घटीच्या १.४ पट नायट्रोजन आत गेला असं गणित मांडता येतं. १० ग्रॅममध्ये अर्धा ग्रॅम घट, तर ०.७ ग्रॅम नायट्रोजन. पण नमुना आधीच दमट असेल, तर उडालेलं पाणीही त्याच घटीत मोजलं जातं आणि आकडा फुगतो. आपल्या हवेत हे हमखास होतं. म्हणून काच आधी नीट वितळवून पाणी काढा, डेसिकेटरमध्ये, म्हणजे आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात थंड करा, लगेच तोला, आणि शेवटी नायट्रोजनचं थेट विश्लेषण करून घ्या.

काच चांगली झाली, पण कापताना तडकली? अनीलिंग (काच तापवून, हळूहळू थंड करून तिच्यातला ताण काढणं) बहुधा मूळ काचेच्याच तापमानाला केलं असेल. नायट्रोजनमुळे काचसंक्रमण तापमान (ज्याला कडक काच मऊ पडू लागते ते) वर सरकलेलं असतं, त्यामुळे जुन्या तापमानाला ताण सुटतच नाही. नव्या काचेचं ते तापमान डीएससीवर (नमुना तापवताना उष्णतेतला फरक मोजणाऱ्या यंत्रावर) मोजा, मगच भट्टी लावा.