काळ्या मातीत कोणती कॉइल? मेटल डिटेक्टरच्या कॉइली ताडून पाहण्याची रीत

माझं इंदूरला मोटर वाइंडिंगचं दुकान आहे आणि देपालपूरला आत्येभावाची शेती. गेल्या आश्विनात सोयाबीन काढताना वहिनींचं मंगळसूत्र तुटलं. लक्षात आलं ते घरी पोचल्यावर. "भावजी, तुमचं ते मशीन घेऊन या," असा रात्रीच फोन आला. मोठ्या कॉइलने जमीन लवकर उरकते म्हणून मी मोठी लावून गेलो. दोन संध्याकाळी सगळं वावर पालथं घातलं. निघाले ते ट्रॅक्टरचे नट, वखराच्या पासेचा एक तुकडा आणि गुटख्याच्या चंदेरी पुड्या. तिसऱ्या दिवशी छोटी कॉइल लावली आणि पाऊण तासात वाट्या सापडल्या, धसकटांच्या दोन ओळींमध्ये, जेमतेम तीन सेंटिमीटर खाली. त्या जागेवरून मोठी कॉइल निदान दोनदा गेली होती.

मग हिवाळाभर मी माझ्याकडच्या चारही कॉइली एकाच मशीनवर, एकाच मातीत ताडून पाहिल्या. मशीन गॅरेट एस 250. कॉइली अशा: मशीनबरोबर आलेली साडेसहा बाय नऊ इंची कॉन्सेंट्रिक, साडेआठ बाय अकराची डबल-डी, पाच बाय आठची डबल-डी आणि साडेचार इंची गोल कॉन्सेंट्रिक.

आधी कॉइल काय करते ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. आपल्या मोटरीला 50 हर्ट्झचा करंट लागतो. या मशीनच्या कॉइलमध्ये साडेसहा हजार हर्ट्झचा करंट फिरतो. त्याचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत उतरतं, धातूत एडी करंट, म्हणजे धातूच्या आतच गोल फिरणारा करंट, उठवतं आणि त्या करंटचं उलट क्षेत्र दुसरी कॉइल टिपते. वाइंडिंगवाल्याला एडी करंट सांगायला नको. स्टेटर, म्हणजे मोटरीचा न फिरणारा भाग, अखंड लोखंडाचा न करता पत्र्याची पातळ स्टॅम्पिंग रचून करतात, तो हाच करंट तोडायला. मंगळसूत्राच्या बारीक साखळीचं तेच होतं. कड्या सुट्या सुट्या असतात, करंटला मोठा फेरा मारता येत नाही, म्हणून साखळी जवळपास मुकीच राहते. बोलतात त्या वाट्या. कोणी साखळी शोधायला बोलावलं, तर आधी विचारा की तिला पदक, वाटी किंवा जाड फासा आहे का.

कॉन्सेंट्रिकमध्ये बाहेरचं कडं पाठवतं आणि आतलं ऐकतं. क्षेत्र गाजराच्या आकाराचं, खाली निमुळतं होत जाणारं. त्यामुळे वस्तू बरोबर मध्याखाली सापडते. डबल-डीमध्ये इंग्रजी डी अक्षरासारखी दोन वेटोळी पाठीला पाठ लावून थोडी एकमेकांवर चढवलेली असतात. तिचं ऐकणं त्या चढलेल्या पट्टीतून, पुढून मागे एका उभ्या पात्यासारखं होतं. जमिनीचा कमी भाग एका वेळी कानावर येतो, म्हणून खनिजाच्या मातीत ती शांत राहते. तिच्याने नेमकी जागा धरायची तर एकदा आडवं फिरवून झाल्यावर काटकोनात वळून पुन्हा फिरवायचं. दोन रेघा छेदतात तिथे खणायचं.

आता माती. माळव्याची काळी माती बेसाल्टाची आहे आणि तिच्यात चुंबकाला चिकटणारे कण भरपूर. एक चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून कोरड्या ढेकळांच्या चुऱ्यातून फिरवा आणि वर उचला. पिशवीला काळी बारीक मिशी फुटलेली दिसेल. तेच कण कॉइलला दिवसभर खोटं बोलायला लावतात. एस 250 ला हाताने जमीन जुळवायची, म्हणजे मातीचा आवाज वजा करायची, सोय नाही. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे मशीनचा कान किती तिखट ते, उतरवणं एवढंच आपल्या हातात. त्यामुळे या मशीनवर कॉइलची निवड जास्तच महत्त्वाची ठरते.

नाणं हवेत धरून कॉइलसमोर हलवायचं आणि अंतर मोजायचं, ही परीक्षा सगळे करतात. ती करूच नका. हवेत नाण्यावर मोठी कॉइल सहसा जिंकते. मलाही विकणाऱ्याने हवेतली परीक्षा दाखवूनच मोठी कॉइल गळ्यात मारली होती, "दुप्पट खोल जाते" म्हणून. कॉइलच्या आकाराच्या मानाने नाणं दूर गेलं की दुप्पट अंतराला सिग्नल साधारण चौसष्टाव्या हिश्शावर येतो. असल्या उताराला दोन इंच रुंदी किती पुरणार?

खड्डा खणून नाणं पुरणंही फसवं. उकरलेली माती आणि न हललेली माती वेगळी बोलते, पाऊस पडून ती पुन्हा बसेपर्यंत थांबावं लागतं. मी वेगळं केलं. सियागंजातून सव्वा इंची पीव्हीसी नळी आणली, पहारीने जमिनीत 45 अंशांचं तिरकं भोक पाडून ती आत सरकवली. वर आलेलं टोक कापून जमिनीलगत केलं. आता नळीतून नाणं जितकं आत जाईल तितकी त्याच्या डोक्यावरची माती न हललेलीच राहते. हिशोब सोपा आहे: नळीतलं अंतर भागिले 1.41 म्हणजे खोली. 14 सेंटिमीटर आत गेलं की 10 खोल, 21 ला 15, 28 ला 20. बांबूच्या काठीचं टोक तिरकं तासून त्यावर नाणं असं चिकटवा की आत गेल्यावर ते आडवं, जमिनीला समांतर राहील. काठीवर खुणा करून ठेवा. खिळा, तार काही वापरू नका.

नाणं दहा रुपयांचं घ्या. एक रुपयाचं घेऊ नका. 1992 पासूनची रुपयाची नाणी चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलची आहेत आणि मशीन त्यांना लोखंडात धरू शकतं. दागिना शोधायचा असेल तर शेजारी एक पातळ सोन्याची अंगठीही तपासा. मशीनच्या पट्टीवर ती नाण्याच्या खूप खाली, गुटख्याच्या चंदेरी पुडीच्या आसपास बोलते. म्हणूनच "कचरा नको" म्हणून पुडीचा आवाज बंद केला की अंगठीही गेली.

चारही कॉइली एकाच दिवशी तपासा. काल पाणी दिलेलं आणि आज वाळलेलं वावर एक नव्हे. मोड ऑल मेटल, म्हणजे कुठल्याच धातूचा आवाज बंद नाही. प्रत्येक कॉइलला सेन्सिटिव्हिटी आधी पूर्ण चढवा, मग रिकाम्या जमिनीवर कॉइल शांत होईपर्यंत एकेक खूण खाली आणा आणि ती खूण लिहून ठेवा. जी कॉइल जास्त खुणेवर शांत राहते तिचं निम्मं काम तिथेच झालं. विहिरीवरची मोटर बंद करा, तारांखाली उभे राहू नका, मोबाइल आणि खुरपं दूर ठेवा. कॉइल जमिनीपासून दोन बोटं वर, दोन्ही टोकांना उचलू न देता. दहा फेऱ्यांपैकी आठ फेऱ्यांत दोन्ही बाजूंनी तोच सूर आला तरच "सापडलं" लिहा. डोळ्याला नाण्याची जागा माहीत असते आणि कान लवकर हो म्हणतात, म्हणून मी भाच्याला नळी भरायला लावत असे. कधी नाणं, कधी रिकामी काठी. मला न सांगता.

माझ्या वहीतले आकडे: मोठी डबल-डी 16 सेंटिमीटर, छोटी डबल-डी 14, मशीनबरोबरची 12, साडेचार इंची 9. फक्त खोली पाहिली तर मोठी पहिली. पण मग तीन इंची खिळा जमिनीवर ठेवून नाणं त्याच्याजवळ सरकवत नेलं. मोठीला वीतभर अंतरावर असतानाच नाणं ऐकू येईना. छोट्या डबल-डीने चार बोटांपर्यंत दोघांचे वेगळे सूर दिले. शेतात खिळे, पत्रे, तारा इतक्या असतात की हीच परीक्षा खोलीहून जास्त कामाची आहे.

आणि धसकटं. मोठी कॉइल धसकटांवर तरंगते, जमिनीपासून दहा सेंटिमीटर वर. सोळातले दहा तिथेच गेले. छोटी दोन ओळींमध्ये बसते आणि मातीला चिकटून चालते. वहिनींच्या वाट्या याच दहा सेंटिमीटरमुळे हुकल्या असाव्यात; उरलेले सहा सेंटिमीटर नाण्याचे, बारीक वाट्यांचे नव्हेत. माळव्यात एकच जादा कॉइल घ्यायची असेल तर पाच बाय आठची डबल-डी घ्या, असं मी मनापासून सांगतो. नांगरून सपाट केलेलं मोकळं वावर आणि पंजाएवढी मोठी, खोल गेलेली वस्तू असेल, पाइपाचा व्हॉल्व्ह वगैरे, तेव्हा मोठी काढा. साडेचार इंची फक्त अंगणात, कुंपणाच्या तारेजवळ.

घेताना प्लग बसतो म्हणून कॉइल चालेल असं समजू नका. प्रत्येक कॉइल तिच्या मशीनच्या फ्रिक्वेन्सीला बांधलेली असते; दुसऱ्या मशीनसाठी केलेली लावून भागत नाही. केबल दांड्याला घट्ट गुंडाळा, सैल केबल हलली तरी आवाज येतो.

जागेबाबत मी कडक आहे. दुसऱ्याच्या वावरात मालक सोबत असल्याशिवाय जात नाही. राजघराण्यांच्या समाधीवरच्या छत्र्या, जुनी देवळं, गढ्या यांच्या आसपास मशीन गाडीतूनही काढत नाही. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं, तो 1878 चा कायदा आजही लागू आहे.

काम झालं की कॉइलचं खालचं झाकण काढून पुसा. काळी माती त्यात शिरून वाळते, चुंबकी कण तिथेच बसतात आणि पुढच्या वेळी रिकाम्या जमिनीवरही कॉइल कुरकुरते. नळीच्या तोंडाला बूच लावा, नाहीतर मृगाच्या पहिल्याच पावसात ती चिखलाने भरेल.